राउटर दिसतो, इंटरनेट चालतं, पण बोर्ड एकमेकांना सापडत नाहीत

निळी_तार

एकाच वायफायवर तीन बोर्ड (छोटे संगणक) आहेत: रास्पबेरी पाय ४, पाय ३ बी प्लस आणि झीरो २ डब्ल्यू. तिन्हींवर रास्पबेरी पाय ओएसची लाइट (डेस्कटॉप नसलेली) आवृत्ती, बुकवर्म. झीरोला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आहे आणि त्यावर छोटा एचटीटीपी सर्व्हर चालतो. पाय ४ दर ५ मिनिटांनी त्याच्याकडून रीडिंग ओढतो आणि यूएसबी ३ एसएसडीवरच्या डेटाबेसात टाकतो. ३ बी प्लस रिले चालवतो. राउटर ड्युअल बँड, दोन्ही बँडना एकच नाव, सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ पर्सनल’ निवडलेलं.

आयपी तिघांनाही मिळतो. पाय ४ ला १९२.१६८.१.२०, ३ बी प्लसला .२३ आणि झीरोला .३१, मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०. तिघांवरून राउटरला पिंग ० टक्के लॉस, अपडेट वगैरे व्यवस्थित उतरतं.

पण पाय ४ वरून झीरोला पिंग केला की ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. त्याच वेळी झीरोवरून पाय ४ ला पिंग केला तर लगेच लागतो! आणि तो एकदा लागला की पाय ४ वरून झीरोलाही लागायला लागतो. मग मध्येच कधीतरी पुन्हा बंद. झीरोचं वायफाय बंद-चालू केलं की सगळं सुरळीत, साधारण तासाभराने परत तेच. ‘.लोकल’ची नावं (आयपीऐवजी वापरायची, बोर्ड स्वतःच जाहीर करतात ती) तर त्याहून बेभरवशाची.

शिवाय रीडिंग ओढण्याऐवजी एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) पाठवावं म्हणून पाय ४ वर मॉस्क्विटो हा ब्रोकर (संदेश घेऊन पुढे देणारा सर्व्हर) टाकला. पिंग चालू असतानाही झीरोला त्याच्या १८८३ या पोर्टवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं.

एसडी कार्ड आणि अ‍ॅडाप्टर बदलून पाहिले, आयपी स्थिर करून पाहिला. फायरवॉल कुठेच नाही. बघायचं कुठे?

पाचव्होल्ट

लक्षणं छान लिहिली आहेत, त्यामुळे निम्मं काम झालं. पहिली गोष्ट ही की इंटरनेट चालतं म्हणजे बोर्ड ते राउटर एवढाच रस्ता चांगला आहे. बोर्ड ते बोर्ड हा वेगळा मामला. तिथे राउटरला एका वायफाय क्लायंटकडून (राउटरला जोडलेल्या उपकरणाकडून) आलेली फ्रेम (डेटाचा तुकडा) पुन्हा हवेत सोडून दुसऱ्या क्लायंटला द्यावी लागते. आणि त्याच्याही आधी पाय ४ ला झीरोचा मॅक पत्ता (वायफाय चिपचा स्वतःचा पत्ता) कळावा लागतो. तो कळतो एआरपीने, म्हणजे ‘१९२.१६८.१.३१ कोण आहे?’ अशी सगळ्यांना उद्देशून दिलेली हाळी. ही हाळी ब्रॉडकास्ट असते, तिचं उत्तर मात्र थेट विचारणाऱ्यालाच येतं. तुमच्या वर्णनावरून झीरोला ब्रॉडकास्ट ऐकू येत नाही आणि थेट आलेलं सगळं ऐकू येतं असं दिसतं. झीरोने स्वतः विचारलं की पाय ४ ला त्याचा मॅक आयताच कळतो, म्हणून उलट दिशाही काही काळ चालते.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’च्या आधी ‘फ्रॉम’पुढे कोणता पत्ता आहे तेही बघा. तिथे पाय ४ चा स्वतःचाच, .२०, असेल तर पॅकेट बोर्डाबाहेर पडलेलंच नाही, एआरपीलाच उत्तर मिळालेलं नाही.

अंदाजावर राउटरची सेटिंगं हलवण्याआधी ही चाचणी करा. पाय ४ वर ‘सुडो आयपी नेबर फ्लश डेव्ह डब्ल्यूलॅन०’ देऊन एआरपीचं टेबल (कळलेल्या मॅकची यादी) धुवा, झीरोला पिंग करा आणि लगेच ‘आयपी नेबर शो’ बघा. .३१ समोर ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘फेल्ड’ असेल तर एआरपी पडतोय हे नक्की. टेबल दर वेळी धुवायचंच, नाहीतर जुनी नोंद तुम्हाला फसवेल.

मग दोन्हीकडे मॅक हाताने भरा. पाय ४ वर ‘सुडो आयपी नेबर रिप्लेस १९२.१६८.१.३१ एलएलअ‍ॅडर’, पुढे झीरोचा मॅक, पुढे ‘डेव्ह डब्ल्यूलॅन०’. झीरोवर तशीच .२० ची नोंद, पाय ४ च्या मॅकसह. दोन्हीकडे भरायची, कारण उत्तर पाठवताना झीरोलाही पाय ४ चा मॅक लागतो. आता पिंग लागला तर थेट वाहतूक ठीक आहे आणि फक्त ब्रॉडकास्ट हरवतोय. तरीही लागला नाही तर राउटर क्लायंट-क्लायंटमधली वाहतूकच अडवतोय.

सोबत झीरोवर ‘सुडो टीसीपीडंप -एन -आय डब्ल्यूलॅन० एआरपी’ (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा. पाय ४ हाळी देतोय आणि इथे ओळच उमटत नाही, हे डोळ्यांनी दिसलं की वाद संपला.

जुना_राउटर

वरचं सगळं बरोबर. राउटरच्या बाजूने भर घालतो.

‘बोर्ड एकमेकांना दिसत नाहीत’ म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा आयसोलेशनकडे, म्हणजे राउटरने क्लायंटना एकमेकांपासून तोडण्याकडे, बोट दाखवतात. सेटिंगचं नाव प्रत्येक राउटरमध्ये वेगळं: एपी आयसोलेशन, क्लायंट आयसोलेशन, वायरलेस आयसोलेशन. गेस्ट नेटवर्कवर ते बहुधा आपोआप चालू असतं. काही राउटरवर ते प्रत्येक बँडसाठी स्वतंत्र असतं, त्यामुळे एका बँडवरचे बोर्ड बोलतात आणि दुसऱ्यावरचे मुके राहतात. पण आयसोलेशन चालू असतं तर झीरोवरून पाय ४ ला पिंग लागलाच नसता. तुमच्याकडे एक दिशा चालते, तेव्हा हे बाजूला ठेवा. एकदा नजर टाकून खात्री करा, तासभर घालवू नका.

तुमच्या बाबतीत मला जास्त खटकतंय ते दोन्ही बँडना एकच नाव. झीरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, पाय ४ आणि ३ बी प्लस दोन्ही बँडवर. राउटरमध्ये बँड स्टिअरिंग असेल तर तो पाय ४ ला मधूनमधून एका बँडवरून काढून दुसऱ्यावर नेतो. लिंक क्षणभर तुटते आणि लिनक्स त्या इंटरफेसच्या शेजाऱ्यांच्या नोंदी पुसतो. एरवी जुनी नोंद बराच काळ टिकते: साधारण १५ ते ४५ सेकंदांनी ती ‘स्टेल’ होते, पण फेकली जात नाही. पुढच्या वेळी लिनक्स आधी थेट त्याच मॅकला विचारून खात्री करून घेतो. म्हणजे ब्रॉडकास्ट न ऐकणारा बोर्डही नोंद शाबूत असेपर्यंत सापडतो. लिंक तुटून नोंद गेली, किंवा थेट विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना उत्तर आलं नाही, की पुन्हा ब्रॉडकास्टशिवाय गत्यंतर नाही. ‘मध्येच कधीतरी बंद’ पडतं ते इथे.

तेव्हा दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. पाय ४ आणि ३ बी प्लस ५ गिगाहर्ट्झवर बांधून टाका, झीरो २.४ वर. ५ मध्ये शक्यतो ३६ ते ४८ मधला चॅनेल घ्या. ५२ ते १४४ हे रडारशी वाटून घेतलेले चॅनेल आहेत. तिथे राउटरला रडारचा संशय आला तर त्याला चॅनेल सोडावाच लागतो, आणि दुसऱ्या तशाच चॅनेलवर गेला तर बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. २.४ मध्ये १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘ऑटो’ नको. राउटरने ऑटोमध्ये १२ किंवा १३ निवडला आणि बोर्डावर देश म्हणून अमेरिका राहिली असेल तर ते नेटवर्क बोर्डाला दिसणारच नाही, कारण तिथे हे चॅनेल वापरत नाहीत. देश ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये लोकलायझेशनखाली बदलता येतो.

निळी_तार

दोघांचेही आभार. निकाल:

टेबल धुऊन पिंग केल्यावर .३१ समोर ‘फेल्ड’. ‘फ्रॉम’पुढे पाय ४ चाच पत्ता. दोन्हीकडे मॅक भरल्यावर पिंग ० टक्के लॉस, फक्त वेळ खूप खालीवर: कधी ६ मिलिसेकंद, कधी २०० च्या वर. टीसीपीडंपमध्ये झीरोवर पाय ४ ची एकही हाळी उमटत नाही. झीरोचं वायफाय बंद-चालू केलं की उमटायला लागतात, पण मधल्या काही गाळतो.

आयसोलेशन दोन्ही बँडवर बंदच आहे. बँडची नावं वेगळी केली. सिग्नल झीरोवर उणे ५८ डीबीएम.

बीकन_१०२

उणे ५८ उत्तम आहे, म्हणजे अंतराचा प्रश्न नाही. तसाही ब्रॉडकास्ट राउटर सगळ्यात कमी वेगांपैकी एका वेगाने पाठवतो, त्यामुळे तो थेट डेटापेक्षा लांबवर ऐकू जातो. ‘जवळ आणून बघा’ हा सल्ला इथे वाया जाईल.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकावर एक बसलेत. एक हाळ्या गाळण्याचा, दुसरा तासाभराने ठार बहिरं होण्याचा.

गाळण्याचं आधी. वायफायमध्ये थेट फ्रेम पोचली की पोच येते, नाही आली तर फ्रेम पुन्हा पाठवली जाते. ब्रॉडकास्टला पोच नाही आणि दुसरी संधीही नाही. त्यात नेटवर्कवरचा एखादा जरी क्लायंट झोपेच्या मोडमध्ये असेल तर राउटर सगळे ब्रॉडकास्ट साठवून ठेवतो आणि ठरावीक बीकननंतर (बीकन म्हणजे राउटर सतत सोडत असलेली ‘मी इथे आहे’ अशी खूण) एकदम सोडतो. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो, आणि साठवलेलं सोडण्याचा क्षण, म्हणजे डीटीआयएम, १ ते ३ बीकननंतर. झोपलेल्या बोर्डाने नेमका तो क्षण साधून उठायचं असतं. चुकला की हाळी गेली. पिंगची वेळ २०० मिलिसेकंदांवर उडते तीही याच झोपेमुळे. उलट दिशेला हा त्रास का नाही? क्लायंटचा ब्रॉडकास्ट आधी राउटरकडे पोच घेऊन, थेट फ्रेमसारखा जातो. जोखीम असते ती राउटरकडून पुढे.

झोप चालू आहे का ते ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० गेट पॉवर_सेव्ह’ने कळेल. तात्पुरती बंद करायला त्याच ओळीत ‘गेट’ऐवजी ‘सेट’ आणि शेवटी ‘ऑफ’, सुडोसह. कायमची बंद करायची तर बुकवर्ममध्ये नेटवर्कमॅनेजरला सांगावं लागतं: ‘सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय प्रीकॉन्फिगर्ड वायफाय.पॉवरसेव्ह २’. इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. इमेजरमधून वायफाय भरलं असेल तर कनेक्शनचं नाव ‘प्रीकॉन्फिगर्ड’ असतं, नाहीतर ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’मध्ये बघा. मग कनेक्शन डाउन-अप करा. एसएसएचवरून करत असाल तर दोन्ही आज्ञा एकाच ओळीत ‘&&’ने जोडा, नाहीतर डाउन झाल्यावर ‘अप’ म्हणायला तुम्ही आत नसाल. जुन्या लेखांत डीएचसीपीसीडी आणि डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या फाइली बदलायला सांगतात. बुकवर्मवर त्याचा उपयोग नाही.

हेच तिन्ही बोर्डांवर करा. वीज वाचते ती नगण्य, बोर्ड अ‍ॅडाप्टरवर चालत असेल तर झोपेचा फायदा शून्य.

आता तासाभराचं. डब्ल्यूपीए२ मध्ये दोन किल्ल्या असतात. थेट वाहतुकीची किल्ली प्रत्येक क्लायंटची वेगळी. ब्रॉडकास्टची किल्ली मात्र सगळ्यांची एकच, आणि राउटर ती ठरावीक काळाने बदलतो. अनेक राउटरवर हा काळ ३६०० सेकंद असतो, म्हणजे एक तास. ‘ग्रुप की रिन्यूअल’, ‘ग्रुप की अपडेट पीरियड’ असं काहीतरी नाव असतं. बदललेली किल्ली एखाद्या क्लायंटच्या ड्रायव्हरमध्ये नीट बसली नाही तर तो जोडलेला दिसतो, इंटरनेट चालतं, आयपी टिकतो, पण एकही ब्रॉडकास्ट उलगडत नाही. वायफाय बंद-चालू केलं की दोन्ही किल्ल्या नव्याने मिळतात आणि पुढच्या तासाची सोय होते.

पडताळायला तो काळ ६०० सेकंद करा. बहिरेपण १० मिनिटांवर आलं तर प्रश्नच मिटला. झीरोच्या जर्नलमध्ये ‘ग्रुप रीकीइंग कम्प्लीटेड’ अशी ओळ शोधता येते. पण ती नसली तरी निष्कर्ष काढू नका, किल्लीचं काम फर्मवेअरने परस्पर केलं तर ओळ येतच नाही.

इलाज म्हणून मी आधी सुरक्षेचा मोड बदलेन. ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२’ अशा मिश्र मोडमध्ये जुन्या उपकरणांच्या सोयीसाठी ब्रॉडकास्टची किल्ली टीकेआयपी या जुन्या सांकेतिकीकरण पद्धतीची असते, थेट वाहतूक एईएस या नव्या पद्धतीची असली तरी. एकाच जोडणीत दोन पद्धती सांभाळताना ड्रायव्हर अडखळतात. फक्त ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ ठेवा. डब्ल्यूपीए३ची घाई नको, छोट्या बोर्डांच्या चिपांवर तो नवीनच कटकट उभी करतो.

पाचव्होल्ट

एमक्यूटीटीचं राहिलं. त्याचा वरच्या कशाशीच संबंध नाही.

‘रिफ्यूज्ड’ म्हणजे पॅकेट पोचलं, समोरच्या बोर्डाने वाचलं आणि ‘या पोर्टवर इथे कोणी नाही’ असं उत्तर दिलं. नेटवर्क चांगलं असल्याचाच तो पुरावा. ‘टाइम्ड आउट’ आलं असतं तर फायरवॉल किंवा हरवलेली पॅकेट, ‘नो रूट टू होस्ट’ आलं असतं तर पुन्हा एआरपी. तीन संदेश, तीन दिशा. लोक सगळ्यांना ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागतं.

पाय ४ वर ‘एसएस -टीएलएन’ बघा. १८८३ समोर १२७.०.०.१ दिसेल. मॉस्क्विटो २.० पासून कॉन्फिगमध्ये लिसनर लिहिला नसेल तर ब्रोकर फक्त स्वतःच्याच बोर्डावरून आलेली जोडणी घेतो. ‘/ईटीसी/मॉस्क्विटो/कॉन्फ.डी’ या फोल्डरात ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची फाइल करा आणि तीन ओळी लिहा: ‘लिसनर १८८३’, ‘अलाउ_अ‍ॅनॉनिमस फॉल्स’, आणि ‘पासवर्ड_फाइल’पुढे फाइलचा पूर्ण मार्ग. पासवर्ड ‘मॉस्क्विटो_पासडब्ल्यूडी -सी’ने तयार होतो. पण ‘-सी’ फक्त पहिल्या वापरकर्त्यासाठी. दुसऱ्या वेळी दिलात तर आधीची फाइल पुसून नवी तयार होते. ती फाइल मॉस्क्विटो नावाच्या वापरकर्त्याला वाचता यायला हवी, नाहीतर सेवा सुरूच होणार नाही. रीस्टार्टनंतर ‘एसएस’मध्ये ०.०.०.०:१८८३ दिसलं की झालं.

एमक्यूटीटीवर येताय ते बरंच करताय. जोडणी झीरोकडून सुरू होते आणि उघडीच राहते, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा ठोका) ६० सेकंद ठेवलात तर दोन्ही बाजूंच्या नोंदी ताज्या राहतात. त्यामुळे ब्रॉडकास्टचा दोष झाकला जाईल. झाकला जाईल म्हटलंय, नाहीसा होईल असं नाही. आधी तो दुरुस्त करा.

सोल्डर_धूर

एक गोष्ट कोणी विचारली नाही. पाय ४ ला यूएसबी ३ वर एसएसडी आहे. यूएसबी ३ च्या डेटाचा गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ सालीच त्यावर टिपण काढलंय. एसएसडीवर लिहिणं चालू असतानाच पॅकेट गळत असतील तर हेच कारण. पाय ४ आता ५ वर गेलाय म्हणून त्याला त्रास होणार नाही, पण झीरो एसएसडीला खेटून ठेवला असेल तर त्याला होईल. चांगल्या आवरणाची अर्धा-एक मीटर केबल घेऊन एसएसडी लांब सरकवा, किंवा वेग चालणार असेल तर काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा. पाय ४ ला मॉनिटर २५६० बाय १४४० वर लावल्यावर २.४ चं वायफाय मरतं हा प्रकारही २०१९ मध्ये गाजला होता. लाइट आवृत्ती आहे, मॉनिटर नसेलच, तरी लक्षात असू द्या.

आणि वीज. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ तिन्हींवर चालवा. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज घसरलं होतं, ०एक्स५०००५ म्हणजे आत्ताही घसरलेलं आहे. मर्यादा ४.६३ व्होल्टच्या आसपास आहे. अ‍ॅडाप्टर बदलला म्हणता, पण दोष बहुतेकदा बारीक तारेच्या केबलमध्ये असतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, ३ बी प्लस आणि झीरो २ ला २.५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर हवा.

धातूच्या केसमध्ये असतील तर काढून बघा. अँटेना बोर्डावरच कोरलेली असते.

निळी_तार

थ्रॉटल्ड तिन्हींवर ०एक्स०. केस प्लॅस्टिकचे. मॉस्क्विटो सांगितल्याप्रमाणे केला, जोडणी झाली.

झोप बंद केल्यावर पिंग ४ ते ९ मिलिसेकंदांत स्थिर झाला आणि हाळ्या गळणं थांबलं. पण तासाभराचं बहिरेपण तसंच होतं. ग्रुप कीचा काळ ६०० केला, तर बरोबर १० मिनिटांनी झीरोवर टीसीपीडंप गप्प! मग मोड फक्त डब्ल्यूपीए२ एईएस केला आणि काळ ६०० च ठेवला. रात्रभर चालू ठेवलं, एआरपी कुठेच तुटला नाही. आता काळ परत ३६०० केलाय.

राहता राहिली ‘.लोकल’ची नावं. ती आता तुटत नाहीत, पण ‘सेन्सर.लोकल’ म्हटलं की कधी झीरो येतो, कधी ३ बी प्लस. यादीत ‘सेन्सर-२.लोकल’ असंही एक नाव दिसतंय. ३ बी प्लसचं कार्ड झीरोच्या कार्डाची प्रत काढून केलं होतं.

बीकन_१०२

मग दुसरं काय होणार! दोघांचं होस्टनेम एकच. जो आधी जागा होतो तो ‘सेन्सर’ होतो, मागून आलेल्याला अवाही (‘.लोकल’ची नावं सांभाळणारी सेवा) ‘-२’ जोडते. रीबूटचा क्रम बदलला की नावं बदलतात. ‘रास्पी-कॉन्फिग’मधून एकाचं नाव बदला. तिथून बदललं की होस्ट्स फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळही सोबत बदलते, हाताने करताना ती हमखास राहते.

प्रत काढलेल्या कार्डावर आणखी दोन गोष्टी सारख्या असतात. एक मशीन-आयडी: ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ काढून टाका, ‘सुडो सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप’ चालवा आणि रीबूट करा. जिथे डीएचसीपीची (राउटरकडून आयपी मागण्याची) ओळख यावरून बनते, उदाहरणार्थ नेटप्लॅनवरचा उबुंटू सर्व्हर, तिथे दोन बोर्डांना राउटर एकच आयपी देऊन बसतो आणि माणूस दिवसभर केबल बदलत राहतो. दुसरी एसएसएचच्या होस्ट किल्ल्या: ‘/ईटीसी/एसएसएच’मधल्या ‘एसएसएच_होस्ट_’ने सुरू होणाऱ्या फाइली काढा आणि ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ द्या. नंतर लॅपटॉप किल्ली बदलल्याची बोंब मारेल, ती अपेक्षित आहे.

माझं मत विचाराल तर कायम चालणाऱ्या जोडणीत ‘.लोकल’ वापरूच नका. ती नावं यूडीपी ५३५३ वर २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (ब्रॉडकास्टसारखाच, अनेकांना उद्देशून असलेल्या) पत्त्यावरून फिरतात, म्हणजे वायफायवर त्यांना वरचेच सगळे भोग. राउटरमध्ये तिन्ही मॅकना डीएचसीपी रिझर्व्हेशन (प्रत्येकाला ठरलेला आयपी) द्या आणि बोर्डांच्या होस्ट्स फाइलमध्ये तीन ओळी लिहा. ‘.लोकल’ माणसाने हाताने एसएसएच करण्यापुरतं ठीक.

जुना_राउटर

रिझर्व्हेशन देताना एक बघा. पाय ४ ला कधी केबलही लावत असाल तर ईथरनेटचा मॅक वेगळा, आयपी वेगळा. दोन्ही एकाच सबनेटवर एकाच वेळी चालू ठेवू नका. नेटवर्कमॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० मेट्रिक देतो (कमी आकड्याला पसंती), म्हणून वायफायच्या पत्त्यावर आलेल्या विनंतीचं उत्तर केबलने जातं. बहुतेकदा चालून जातं, आणि नाही चालत तेव्हा कारण सापडत नाही.

निळी_तार

नावं, आयडी, किल्ल्या, रिझर्व्हेशन, सगळं केलं. शेवटची शंका: हाच संच राउटर नसलेल्या ठिकाणी न्यायचा आहे. तिथे तिघांना थेट जोडता येईल का? मेश (बोर्डांनी राउटरशिवाय एकमेकांमार्फत जोडलेलं जाळं) करावं का?

पाचव्होल्ट

मेश नको. ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये ‘सपोर्टेड इंटरफेस मोड्स’ बघा, बोर्डावरच्या चिपमध्ये ‘मेश पॉइंट’ नाही. त्यासाठी वेगळा यूएसबी डोंगल लागेल, आणि तीन बोर्डांना त्याची गरजही नाही. पाय ४ लाच अ‍ॅक्सेस पॉइंट करा: ‘सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय हॉटस्पॉट आयएफनेम डब्ल्यूलॅन० एसएसआयडी’, पुढे नाव, मग ‘बँड बीजी चॅनेल ६ पासवर्ड’ आणि किमान ८ अक्षरांचा पासवर्ड. बँड ‘बीजी’च हवा, ५ गिगाहर्ट्झ झीरोला ऐकू येत नाही. इथे पाय ४ पुन्हा २.४ वर येतो, तेव्हा एसएसडीची केबल लांब ठेवाच. पाय ४ चा पत्ता १०.४२.०.१ होतो आणि बाकीच्यांना १०.४२.० मधलेच पत्ते तो स्वतः वाटतो. रीबूटनंतर आपोआप सुरू व्हायला ‘हॉटस्पॉट’ कनेक्शनवर ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट येस’ करा आणि घरच्या वायफायचं ऑटोकनेक्ट ‘नो’, नाहीतर जिथे दोन्ही शक्य आहेत तिथे कोण जिंकेल सांगता येत नाही. होस्ट्स फाइलमधले पत्ते बदलायला विसरू नका.

वेळेचं आधीच ठरवून ठेवा. या तिन्ही बोर्डांवर बंद असतानाही चालणारं घड्याळ नाही, इंटरनेट नसलं की बंद करतानाची वेळ धरून ते सुरू होतात. एमक्यूटीटीवर टीएलएस (सांकेतिक सुरक्षा) लावलंत तर प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून जोडणी नाकारली जाईल, आणि डेटाबेसात रीडिंग चुकीच्या वेळेला पडतील. पाय ४ वर डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल आयटूसीवर लावा, कॉन्फिगमध्ये ‘डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१’. मग क्रोनी (वेळ जुळवणारी सेवा) टाकून त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘अलाउ १०.४२.०.०/२४’ आणि ‘लोकल स्ट्रॅटम १०’. झीरो आणि ३ बी प्लसला वेळेचा सर्व्हर म्हणून १०.४२.०.१ द्या.